श्वास सोडून माप घे

खडेबाजार, बेळगाव
रंगपंचमीनंतरचा शनिवार

चि. धाकटीस,



तुझा निरोप मिळाला, फोटोही बघितला. ‘आत्या, अस्साच हवा. अंगाला बरोबर बसणारा, पट्ट्यापट्ट्यांचा, सुती, उन्हाळ्यात घालायचा टँक टॉप. मी स्वतः विणणार, तू फक्त सांग,’ असं लिहिलंस आणि खाली मापं टाकलीस: छाती 84, कंबर 66. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर टाके मोजता येत नाहीत. शिवाय आज शनिवार. खाली बाजारात इतका गलबला आहे की मी बोललेलं मलाच ऐकू येईना. म्हणून दार लावून लिहायला बसले. हे पत्र विणायच्या पिशवीत ठेव, फोनमध्ये फोटो काढून मूळ कागद हरवू नकोस.

आधी तुझ्या मापांचं बोलू. दिवाळीत तुझं ब्लाउज मीच शिवलं होतं. माझ्या वहीत तेव्हाची छाती 86 आणि कंबर 70 आहे. चार महिन्यांत तू व्यायाम करून बारीक झाली असशील तर आनंदच आहे. पण माझा अंदाज वेगळा आहे. तू आरशासमोर उभी राहिलीस, पोट आत घेतलंस, श्वास रोखलास आणि टेप ओढलास. होय की नाही? शाळेत तीस वर्षं मुलींना शिवण-विणकाम शिकवलं गं, ही युक्ती सातवीतल्या पोरीसुद्धा करायच्या. ब्लाउजमध्ये ते खपून जातं, कारण आत दोन बोटं कापड दाबलेलं असतं, उसवून सोडता येतं. विणलेल्या कपड्यात असं दाबलेलं काही नसतं. जेवढे टाके घातलेस तेवढंच अंग त्यात मावणार. म्हणून मी वहीतली मापं धरूनच हिशेब मांडते. तू नीट मोजून पाठवलंस की आकडे बदल, रीत तीच राहील.

तुझ्या या टँक टॉपची मला आधी गंमत वाटली. परदेशातलं काहीतरी नवं काढलंस असा तुझा सूर. अगं, बिनबाह्यांचा, सुती, विणलेला, अंगालगतचा कपडा म्हणजे आपला गंजीफ्रॉक की! तुझे आजोबा रोज घालायचे तो. ‘गंजी’ आला गर्नसीवरून. इंग्लिश खाडीतलं ते बेट. तिथले कोळी लोकरीचा घट्ट विणलेला अंगरखा घालायचे, तो गर्नसी फ्रॉक. आपल्या तोंडी त्याचा गंजीफ्रॉक झाला आणि आपल्या उन्हात लोकरीचं सूत झालं. शेजारच्या बेटावरून जर्सी आली. आणि टँक टॉपमधला टँक म्हणजे पोहायचा तलाव. शंभरेक वर्षांपूर्वी तिकडे पोहायच्या पोशाखाला टँक सूट म्हणत, त्यावरून हे नाव. पण त्या ‘टँक’मध्येही गुजराती टांकुं आणि मराठी टाकं यांचा अंश आहे असं कोशकार मानतात, पोर्तुगीज ‘तांके’चाही त्याला हात लागलाय. म्हणजे गडावरचं पाण्याचं टाकं विलायतेला जाऊन परत आलं आणि तू आता टाक्यांनी टाकं विणणार! असो. सांगायचं एवढंच की परक्या वस्तूची भीती मनात ठेवू नकोस.

आता कामाचं.

शहापूर-वडगावच्या गल्ल्यांतून माझ्याबरोबर किती फिरलीस तू लहानपणी. मागाचा खटखटाट ऐकून कानांवर हात ठेवायचीस. त्या मागावर काय होतं ते आठव. उभा ताणा आधीच भरलेला असतो, आडवा बाणा त्यातून जातो, दोन्ही धागे सरळ. म्हणून ते कापड ताणत नाही. त्याला अंगावर बसवायचं तर कात्री लागते, चुण्या लागतात. गुळेदगुड्डच्या खणाची चोळी अंगाला चापून बसते ती कापणाऱ्याच्या कसबामुळे, खण स्वतः काही वाकत नाही. विणकामात उलट. एकच धागा फासाफासांनी चालतो आणि प्रत्येक फास थोडा रुंदावू शकतो, थोडा आकसू शकतो. इथे कात्री कुठेच नाही. कमरेचा बाक टाके कमी करून येतो, छातीचा वाढवून. कापणारी चूक करते ती कापडावर. तू चूक करशील ती आकड्यांत, म्हणजे पहिला टाका घालायच्याही आधी. घट्ट बसणाऱ्या कपड्याचं निम्मं काम वहीत होतं, हे पक्कं लक्षात ठेव.

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी विणायला शिकले आईकडून, आणि आईचा हात सगळा लोकरीवरचा. 1962 च्या युद्धात देशभर बायका जवानांसाठी स्वेटर, मफलर विणत होत्या, त्यांतली ती एक. बेळगावात तर मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र 1922 पासून, त्यामुळे जवान म्हणजे आम्हाला रस्त्यात दिसणारा माणूस. लोकर दयाळू असते. तिच्या तंतूंना मुळातच नागमोडी वळण, ताणली तरी परत जागेवर येते. दोन टाके इकडेतिकडे झाले तरी पोटात घालते. सूत तसं नाही. त्याला ती उसळी नाही, वजन मात्र आहे, आणि ओलं झालं की ते वजन आणखी वाढतं. एकदा सैल पडलं की सैलच.

तुझ्या जन्माच्या वर्षी मी पहिल्यांदा सुती विणायला घेतलं. लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं, बिनबाह्यांचं, माझ्यासाठीच. दुकानदार म्हणाला, रंग पक्का आहे. मीही लोकरीच्या गुर्मीत, नमुना विणला नाही, धुऊन बघितला नाही. घालून बघितलं तर काय सुरेख बसलं! पहिल्या धुण्यानंतर हँगरला अडकवून गच्चीत वाळत घातलं. सकाळी बघते तर ते गुडघ्यापर्यंत लोंबत होतं आणि पांढरे पट्टे गुलाबी झाले होते. दुकानदाराला काय बोलणार? रंग त्याचा कच्चा होता, पण अक्कल माझीच कच्ची होती.

म्हणून तू नमुना विणल्याशिवाय पुढे जाऊ नकोस. दोन्ही रंग घेऊन 15 सेंटिमीटर लांब, 15 रुंद चौकोन वीण. सुई 10 नंबरची घे, म्हणजे 3.25 मिलिमीटर. ऑनलाइन घेशील तर मिलिमीटरच बघ, कारण आपल्याकडे चालतात ते जुने इंग्लिश नंबर, त्यात आकडा मोठा तशी सुई बारीक. अमेरिकेत उलटं, आपली 10 नंबर तिकडे 3 नंबर होते. चौकोन झाला की तो टॉप धुशील तसाच धू. ओला असताना पांढऱ्या फडक्यात दाबून बघ. फडक्यावर रंग उतरला तर तो धागा परत कर. मिठाच्या पाण्यात ठेवलं की रंग पक्का होतो असं बायका सांगतील, त्या भरवशावर राहू नकोस. मग चौकोन आडवा वाळव आणि शेवटी एक रात्र दोन चिमट्यांनी टांगून खाली आणखी दोन चिमटे लाव. जे लोंबायचंय ते तिथेच लोंबू दे. त्यानंतर कडा सोडून मधले 10 सेंटिमीटर मोज.

समज आडवे 24 टाके आणि उभ्या 32 सुया आल्या. (ओळीला आपण सुईच म्हणतो, सुलट सुई, उलट सुई. गोंधळू नकोस.) छाती 86. घट्ट हवा म्हणून कपडा अंगापेक्षा थोडा लहान धरायचा. लोकरीत मी 8 सुद्धा कमी केले असते, सुतात 4 पुरे. उरले 82. एका सेंटिमीटरला 2.4 टाके, म्हणजे 196. निम्मे पुढे, निम्मे मागे, 98 आणि 98. दोन्ही कडांना शिवणीचा एकेक टाका धरून प्रत्येक भागाला 100. आता बघ, हाच नमुना तू आळसाने मोजलास आणि खरे टाके 24 नसून 22 असले, तर तेच 196 टाके 89 सेंटिमीटर होतील. दहा सेंटिमीटरमागे दोनच टाक्यांची चूक, आणि कपडा सात सेंटिमीटर ढगळ!

तोच चौकोन स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेव. तो 11 ग्रॅम भरला असं धरू. तुझ्या टॉपचं क्षेत्रफळ त्या चौकोनाच्या साधारण 17 पट. म्हणजे 187 ग्रॅम. तू 250 घे, एकाच रंगाच्या सगळ्या लड्या एकाच लॉटच्या. लेबलावर लॉट नंबर असतो, तो जुळवून घे. नंतर आणलेला पांढरासुद्धा वेगळा दिसतो, गं.

आता पट्टे. तुझ्या फोटोतले पट्टे खलाशांचे आहेत. फ्रेंच नौदलाने 1858 मध्ये खलाशांच्या विणलेल्या बनियनचा नमुना ठरवून दिला: पांढरा पट्टा 20 मिलिमीटर, निळा 10. पांढऱ्याच्या निम्मा निळा. प्रमाण डोळ्यांना इतकं गोड की पावणेदोनशे वर्षं होत आली तरी लोक तेच काढतात. तू चार सुया पांढऱ्या आणि दोन सुया निळ्या अशी जोडी धर. सहा आणि तीन केलंस तर तिसऱ्या सुईला निळा धागा भलत्याच कडेला जाऊन बसेल आणि दर वेळी तोडावा लागेल. सम सुया ठेवल्या की दोन्ही धागे एकाच कडेला भेटतात, न तोडता वर नेता येतात. वर नेताना मात्र ओढू नकोस, कड आखडते. खालची पट्टी एक सुलट एक उलट, 11 नंबर सुईवर, सगळी निळी, 4 सेंटिमीटर. त्या पट्टीत रंग बदललास तर उलट टाक्यांवर तुटक ठिपके दिसतील.

पट्ट्यांचा खरा उपयोग इथून पुढे आहे. एक जोडी सहा सुयांची. कमरेसाठी 70 सेंटिमीटरचे 168 टाके, एका भागाला 84 आणि शिवणीचे 2 मिळून 86. कंबर मुद्दाम अंगाएवढीच ठेवली, जेवल्यावर बसता आलं पाहिजे. शंभरचे शहाऐंशी करायचे, म्हणजे 14 टाके कमी, दोन्ही कडांना एकेक असे सात वेळा. दर जोडीच्या पहिल्या पांढऱ्या सुईला कमी कर. सुरुवातीला कडेचे दोन टाके सोडून एक टाका न विणता उचल, पुढचा सुलट वीण, उचललेला त्याच्यावरून ओढ. सुईच्या शेवटी, कडेचे दोन टाके राहतील असे, दोन सुलट एकत्र. म्हणजे दोन्हीकडचा उतार आत वळतो. सात निळ्या रेघा झाल्या की कंबर आली. दोन जोड्या तशाच वीण. मग पुढच्या सात जोड्यांत तसाच एकेक टाका वाढव, दोन टाक्यांमधला आडवा धागा उचलून पिळून विणायचा, भोक पडत नाही. पुन्हा 100. वर एक जोडी साधी. सतरा जोड्या, 32 सेंटिमीटर.

बघितलंस? सुया मोजायला नकोत. फोन आला, दूध उतू गेलं, उठलीस. परत येऊन निळ्या रेघा मोजायच्या. पट्टे म्हणजे कपड्यातच विणलेला टेप. मागचा भाग पुढच्याशी जुळतो की नाही तेही तेच सांगतात. पण टेप आहे म्हणूनच ते खोटं चालवून घेत नाहीत. एकरंगी कपड्यात मागे दोन सुया जास्त झाल्या तर शिवताना ओढून भागवता येतं. पट्ट्यांत निळ्याशेजारी पांढरं येऊन बसतं आणि समोरच्या माणसाला ते आधी दिसतं.

‘गोल सुईवर विणलं तर शिवणच नको,’ असं तू म्हणशील. गोल विणकाम म्हणजे गोल जिना असतो. एक फेरी संपते ती सुरू झालेल्या जागी नाही, एक पायरी वर. एकरंगात कळत नाही, पट्ट्यांत दर पट्ट्याला पायरी दिसते. ती लपवायच्या युक्त्या आहेत, पण पहिल्या कपड्याला दोन भागच बरे. शिवताना दोन्ही भाग सुलट बाजू वर ठेवून शेजारी मांड, कडेच्या टाक्याच्या आतले शिडीसारखे आडवे धागे एकदा इकडून, एकदा तिकडून उचल. निळ्याला निळा, पांढऱ्याला पांढरा. शिवण आत जाते, रेघ अखंड दिसते. शिवणीचा आणखी एक गुण, ती सुताला बाजूने आधार देते, लोंबू देत नाही.

मुंढ्याला पहिल्या दोन सुयांच्या सुरुवातीला सहा सहा टाके बंद कर, मग दर सुलट सुईला दोन्ही कडांना एकेक, आठ वेळा. राहिले 72. मुंढ्याची उंची तुझी 19 असेल तर मी 18 वरच थांबेन, साधारण 58 सुया, कारण उरलेलं सूत स्वतःच ताणून घेतं. पुढचा गळा: मुंढ्याकडचे टाके कमी करून झाले की मधले 20 टाके बंद, मग दोन्ही बाजूंना गळ्याकडून बारा वेळा एकेक कमी. प्रत्येक खांद्याला 14 टाके, सहा सेंटिमीटरला किंचित कमी. फोटोतल्या बाईच्या खांद्यावरचे पट्टे दोन बोटांएवढे आहेत, तिचं ऐकू नकोस. सगळ्या कपड्याचं वजन त्या दोन खांद्यांवरच टांगलेलं असतं. खांद्याच्या शिवणीला आतून सुती नाडी शिव. गळ्याच्या आणि मुंढ्याच्या पट्टीसाठी कडेने दर चार सुयांमागे तीन टाके उचल. चार उचललेस तर पट्टी झालरीसारखी फुलेल, दोन उचललेस तर आवळेल. तीनच का, तर 24 ला 32, म्हणजेच तीनास चार. बघ, नमुन्यातला आकडा इथेही आला.

राहिला हात. निपाणीला आम्ही राहत होतो तेव्हा शेजारच्या काकू विड्या वळायच्या. मांडीवर सूप, भिजवलेली पानं, पत्र्याचं माप ठेवून कात्रीने पान कापायच्या, चिमूट तंबाखू, बोटांची एक वळी, दोऱ्याचा एक फेर. बोलत असायच्या आमच्याशी, नजर दारावर, आणि प्रत्येक विडी पहिलीसारखी. मी विचारलं, न बघता कसं जमतं? त्या म्हणाल्या, ‘हाताला माप बसायला लागतं, मग डोळे मोकळे.’ तुझ्या टॉपचे दोन्ही भाग मिळून साधारण 29 हजार टाके होतील. मिनिटाला वीस विणलेस तर चोवीस तास, म्हणजे रोज तासभर बसलीस तर चैत्र संपायच्या आत होईल. त्यातले पहिले दोनतीन हजार सैल-घट्ट होणार. चिडलेल्या दिवशी हात आवळतो, झोप आली की सुटतो. तशा वेळी विणू नकोस. पट्ट्यांत तो दिवससुद्धा दिसतो.

आणि चुकलं तर उसव. तिसऱ्या पट्ट्यात चूक दिसली आणि तू दहाव्यात असलीस तरी उसव. नवशिक्या पोरी रडायच्या, ‘बाई, इतकं केलेलं फुकट!’ फुकट कसं? कापलेलं कापड परत जोडता येत नाही, विणलेला धागा जसाच्या तसा हातात येतो. लडी करून धुवायची, वाळली की वळ्या जातात, परत गुंडा. माझ्या त्या गुडघ्यापर्यंत लोंबलेल्या लाल-पांढऱ्याचं मी तेच केलं. पांढऱ्याचा गुलाबी झालेला धागा बाजूला काढला. तुझ्या बारशाच्या फोटोत डोक्यावर गुलाबी टोपरं आहे ना, ज्याचं सगळे इतकं कौतुक करतात, ते तेच.

झाल्यावर थंड पाण्यात हलक्या हाताने धू, पिळू नकोस, टॉवेलात गुंडाळून दाब आणि सपाट पसरून सावलीत वाळव. हँगर नको, दोरी नको. कारण आता तुला माहीत आहे.

तर आज रात्री परत टेप काढ. सरळ उभी राहा, आरशाकडे पाठ कर आणि पूर्ण श्वास सोड. मग परत घे आणि नेहमीसारखा चालू दे. त्या चालत्या श्वासावर टेप ठेव. दिवसभर तो कपडा घालून तू तोच श्वास घेणार आहेस. जो आकडा येईल तो पाठव. माझ्या वहीत तुझं पहिलं माप बाराव्या दिवसाचं आहे, तेव्हापासून एकही आकडा मी कुणाला दाखवलेला नाही.

तुझी,
आत्या

ता. क. लडीवरची लेबलं फेकू नकोस, पत्रासोबत ठेव. आणि नमुन्याचा चौकोन वाळला की आधी मला पाठव, धुतलेला. न धुतलेला पाठवलास तर मला कळतं.